पहिला हंडा

मी ठाण्यात एका नागरी आरोग्य केंद्रात आरोग्य सेविका आहे. वागळे इस्टेटच्या मागे येऊरच्या डोंगराला टेकून ज्या वस्त्या वर चढत गेल्यात, त्यातली एक माझ्याकडे आहे. लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी, टीबीची औषधं, पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचा सर्वे असं सगळं काम असतं. जूनअखेरीस एका सकाळी आमच्या आशाताईंचा फोन आला. "सिस्टर, तिसऱ्या गल्लीत चार घरांत जुलाब-उलट्या आहेत. चारही घरं गटाराच्या बाजूची."

पावसाळा लागला की जुलाबाचे पेशंट येतातच. पण आशाताईंनी बाजू सांगितली, आणि मी हातातलं रजिस्टर मिटून निघाले.

गल्लीत सगळ्यांचं निदान तयार होतं. आदल्या रविवारी एका घरी हळद होती, तिथलं जेवण बाधलं म्हणे. हळदवाल्या घरातली बाई तर दाराआड उभी राहून रडत होती. मी दार न् दार घेतलं. कधीपासून, किती वेळा, घरात माणसं किती, हळदीला कोण कोण गेलं, पाणी कुठलं, उकळता का? कंटाळा येईल असे हे प्रश्न असतात, पण प्रत्येक दारात तेच आणि तसेच विचारावे लागतात. संध्याकाळपर्यंत नऊ घरांत सोळा आजारी सापडले. त्यातले पाच जण हळदीला गेलेच नव्हते. आणि समोरच्या बाजूची माणसं पोटभर जेवून आलेली, ती ठणठणीत. मी आधी त्या बाईला जाऊन सांगितलं, "ताई, तुमच्या जेवणाचं काही नाही." ते सांगणं मला त्या दिवशी औषधाइतकंच महत्त्वाचं वाटलं.

सातव्या घरात दोन वर्षांची मुलगी होती. डोळे खोल गेलेले, रडत होती पण डोळ्यांत पाणी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसत होती. आई घाबरून जलसंजीवनी पाजत होती, पण पूर्ण पाकीट एका पेल्यात कालवून. एका पाकिटाला एक लिटर पाणी लागतं. पाणी कमी घातलं तर मीठ-साखर जास्त होऊन बाळाला उलट त्रास होतो. मी नवं पाकीट फोडलं, पातेलं मागितलं, तिनं कोपऱ्यातल्या हंड्यातून पाणी ओतलं, आणि माझा हात थांबला. ज्या पाण्यावर मला संशय होता त्यातच मी औषध कालवणार होते. आशाताईंनी पिशवीतली स्वतःची बाटली काढून दिली. पोरीला थोडं थोडं पाजत रिक्षात बसवलं आणि आईसोबत मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

पाणी मी सकाळीच तपासलं होतं. ठाण्याला येणारं बरंचसं पाणी भातसा नदीवर पिसे इथे उचलतात, टेमघरला शुद्ध करतात. त्यात घातलेला क्लोरीन थोडासा तरी नळापर्यंत उरला पाहिजे, निदान लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. क्लोरीन असेल तर ओटी नावाच्या तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. कोपऱ्यावरच्या नळाला पिवळं झालं होतं. घरातल्या पिंपांत रंग नव्हता, तो मी साठवणीवर घातला. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडतो, हे खरंच. पण अकरा वाजता गल्लीतले नळ कोरडे असतात, त्या नळांचं पाणी मी पाहिलंच नव्हतं.

ते मला कळलं एका आजींमुळे. आजारी घरांच्या अगदी मधोमध त्यांचं घर, त्या एकट्याच राहतात, आणि त्यांना काही झालं नव्हतं. मी विचारलं, पाणी उकळता? "नाही गं. पण पहिला हंडा मी कधी पीत नाही. वास मारतो. त्यानं पायऱ्या धुते." आम्हाला ट्रेनिंगमध्ये लंडनच्या पंपाची गोष्ट शिकवतात. १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले तेव्हा ते एका पंपाभोवती दाटलेले दिसले, आणि शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार मात्र वाचले होते, कारण ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. आजींच्या पायऱ्या बघून मला तेच आठवलं.

पाणी येतं पहाटे पावणेपाचला. दुसऱ्या दिवशी आशाताई, मी आणि चावीवाला दादा आजींच्या नळापाशी उभे होतो. पाऊस झिमझिमत होता. दादांनी चावी फिरवली, नळ आधी नुसता फुसफुसला. त्याच क्षणी दोन्ही बाजूंनी घराघरातल्या मोटारी सुरू झाल्या, घूं घूं. मग पाणी आलं, किंचित राखाडी. मी नळी भरली, थेंब टाकले, टॉर्चपुढे धरली. दहा सेकंद. रंग नाहीच. पाच मिनिटांनी पुन्हा, अगदी फिकट. पंधरा मिनिटांनी चांगला पिवळा.

म्हणजे लाइन बंद असताना कुठून तरी गटाराचं पाणी आत शिरत होतं, आणि पाणी सुटताना दाब येण्याआधीच मोटारी ते आणखी ओढून घेत होत्या. आठ वाजता फिटर आले, त्यांनी गटारावरच्या लाद्या उचलल्या. गटाराच्या पाण्यात बुडालेले नळजोडांचे पाइप आणि एका सांध्याला गुंडाळलेली सायकलची ट्यूब. ती सोडली तर आत अंगठा जाईल एवढं भोक. कोणी कधी गुंडाळली, कुणालाच आठवेना. मी खूप वेळ त्या ट्यूबकडे बघत होते.

पुढचं काम धावपळीचं. लाइन बंद केली, टँकर मागवला, शौचाचे नमुने प्रयोगशाळेत गेले. अहवाल येईपर्यंत कॉलरा धरूनच चाललो. पिंपं रिकामी करून घासून घेतली, घरोघरी क्लोरीनच्या गोळ्या दिल्या, वीस लिटरला एक आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या दिल्या. जुलाब थांबले की आया झिंक बंद करतात, म्हणून आशाताई चौदा दिवस रोज त्या दारांत उभ्या राहून गोळी देत होत्या. अहवालात कॉलरा नव्हता. छोटी चौथ्या दिवशी घरी आली.

नवे पाइप गटाराच्या वरून नेले. त्यानंतरच्या पहिल्या पाण्याला मी पुन्हा पावणेपाचला गेले. पहिल्याच धारेची नळी भरली, थेंब टाकले, पिवळी झाली. आजींच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी बघितली, मान हलवली, "बरं झालं गं" म्हणाल्या. आणि पहिला हंडा भरून पायऱ्यांवर ओतला.