अम्माऊसची वाट, नाशिकरोडची वाट

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई-वसईकडून गाड्या भरभरून लोक येतात. आम्ही नाशिकचेच, त्यामुळे त्र्यंबक नाक्याजवळून पहाटे पाचला पायी निघतो. दोन-अडीच तासांची चाल. आईच्या आजारपणात मी नवस बोलले होते, तेव्हापासून अठरा वर्षांत एकदाही चुकवली नाही. हातात रोझरी म्हणजे जपमाळ, ओठांवर गाणी, पिशवीत मेणबत्त्या. बायबल मात्र कधीच बरोबर नसायचं.

यंदा ते घेतलं, त्याला कारण जानेवारीतली एक दुपार. निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबककडे निघालेली एक दिंडी रस्त्याकडेला विसाव्याला थांबली होती. डोक्यावरचं तुळशीवृंदावन खाली ठेवून एक आजी भेगाळलेल्या टाचांना तेल चोळत होत्या आणि तोंडाने हरिपाठ चालला होता. एकामागून एक अभंग, कुठे अडखळणं नाही. मी विचारलं, "आजी, पुस्तक लागत नाही?" म्हणाल्या, "मला कुठं वाचता येतं, बाई? ऐकून ऐकून पाठ झालंय. रोज म्हणल्याशिवाय घास जात न्हाई."

त्या रात्री मी कपाटातून माझ्या आजीचं बायबल काढलं. जुन्या लुगड्याच्या काठात गुंडाळलेलं. तेविसाव्या स्तोत्राच्या पानावर मेणाचा एक थेंब आणि अंगठ्याएवढा तेलाचा डाग. आजीलाही वाचता येत नव्हतं. मी शाळेतून आले की ती ते पान उघडायची आणि तेलकट बोट ठेवून म्हणायची, "इथून वाच." ती गेली आणि माझं वाचन थांबलं.

संत जेरोम यांचं एक वाक्य चर्चमध्ये कितीदा ऐकलं होतं: शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना प्रस्तावनेत त्यांनी ते लिहिलं. पण ते लिहिणारा माणूस कोण, हे मी यंदाच नीट वाचलं. चौथ्या शतकातला हा विद्वान, रोममध्ये शिकलेला, लॅटिन साहित्याचा वेडा. संदेष्ट्यांची भाषा त्याला ओबडधोबड वाटायची. मग तापात एक स्वप्न पडलं. न्यायासनापुढे उभा असताना विचारणा झाली, तू कोण? तो म्हणाला, ख्रिस्ती. उत्तर आलं, खोटं बोलतोस, तू सिसेरोचा, त्या रोमन लेखकाचा आहेस, ख्रिस्ताचा नाहीस. पुढे सीरियाच्या वाळवंटात राहून एका यहुदी माणसाकडून तो हिब्रू शिकला. घशातून काढायचे ते उच्चार जमेनात, कितीदा सोडून दिलं, पुन्हा धरलं. स्वभावही तापट, भांडणं पुष्कळ. मला उलट त्यामुळेच तो जवळचा वाटला.

382 मध्ये पोप दामासस यांनी शुभवर्तमानांचा, म्हणजे येशूच्या जीवनाच्या चार ग्रंथांचा, लॅटिन मजकूर तपासून नीट करण्याचं काम जेरोम यांच्याकडे दिलं. 386 मध्ये ते बेथलेहेमला गेले आणि 420 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाचा, थेट हिब्रूवरून अनुवाद तिथेच झाला. रोमची एक श्रीमंत विधवा, संत पाउला, हिने मठांसाठी पैसा दिला. ती आणि तिची लेक स्वतः हिब्रू शिकून स्तोत्रं त्या भाषेत म्हणायच्या. आपल्याकडच्या पंडिता रमाबाई मला इथे आठवल्याच. पंथ वेगळा, पण केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणायला त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं दिली.

आणि बेथलेहेम म्हणजे बाळ येशूचं जन्मगाव! ज्या बाळाला भेटायला मी अठरा वर्षं चालतेय, त्याच्या जन्माच्या गुहेशेजारी बसून तो माणूस पानामागून पान लिहीत होता. हे कळलं तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

तर यंदा नाशिकचा द्वारका चौक ओलांडून पुणे रोडला लागल्यावर आम्ही पहिल्यांदा थांबलो. अजून अंधार होता. मोबाईलच्या उजेडात मी लूकच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय काढला. आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या मावशी म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला गं. तूच वाच, पण सावकाश."

दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला चाललेत. अंतर साधारण अकरा किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आमच्याएवढीच चाल. येशूच्या मरणाने मनं खचलेली. वाटेत एक अनोळखी माणूस सोबतीला येतो आणि चालता चालता शास्त्र उलगडून सांगतो. तो मेलेल्यांतून उठलेला येशू आहे हे त्यांना भाकर मोडताना कळतं, आणि मग ते म्हणतात, वाटेत तो बोलत होता तेव्हा आपल्या काळजात आग पेटली नव्हती का?

मागून ट्रक जात होते. कोणी काही बोललं नाही. गांधीनगरपाशी मावशींनी पुन्हा थांबवलं. "तेच परत वाच. आगीचं."

मंदिराशी पोहोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. रांग, मेणबत्त्या, मिस्साची उपासना, सगळं नेहमीसारखं झालं. बाहेर पडल्यावर मी रिक्षासाठी हात करणार, तर मावशींनी माझा दंड धरला.

"ते दोघं भाकर मोडल्यावर काय करतात?"

"त्याच घटकेला उठून परत यरुशलेमला जातात."

"चालत?"

"चालतच, मावशी."

त्यांनी पदर खोचला. पायातल्या चपलेचा अंगठा नीट बसवला आणि द्वारका चौकाच्या दिशेने निघाल्या. मी बायबल लुगड्याच्या काठात गुंडाळलं आणि त्यांच्या मागे गेले.