हंगाम संपल्यानंतर

तीन वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत माझे व्याख्यान होते. शाल-श्रीफळ झाले, मुख्याध्यापकांनी "माजी व्यावसायिक फुटबॉलपटू आणि प्रेरक वक्ते" असा माझा परिचय करून दिला आणि मी तासभर बोललो. ते बोलणे तोवर मला पाठ झाले होते. ऊसतोड कामगाराचा मुलगा, कोल्हापुरात पाहिलेला पहिला सामना, पुण्याची क्रीडा प्रबोधिनी, मुंबई आणि गोव्यातले आठ हंगाम, आणि शेवटी गुडघ्याच्या दुखापतीबद्दल एक वाक्य. टाळ्या झाल्या. कोणाला काही विचारायचे आहे का, असे सरांनी म्हटल्यावर मागच्या रांगेतला, साधारण सातवीतला एक मुलगा उभा राहिला. त्याने विचारले, "सर, तुमचा गुडघा चांगला राहिला असता, तर तुम्ही आमच्याकडं आले असते का?"

मी खरे ते सांगितले. "नसतो आलो," एवढेच म्हणालो. मुख्याध्यापक थोडे अवघडले, पण तो मुलगा मान हलवून शांतपणे खाली बसला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, त्याला फक्त जाणून घ्यायचे होते. परतताना माजलगावपर्यंत गाडीत मी कोणाशी बोललो नाही. चार वर्षे मी शाळाशाळांतून बोलत होतो, आणि माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना एका वाक्यात उरकून पुढे जात होतो, हे त्या मुलाच्या लक्षात आले होते आणि माझ्या आले नव्हते.

माझे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळीबरोबर कोल्हापूरकडे जात. उन्हाळ्यात घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, त्या पाच-सहा महिन्यांत फेडायची, आणि पाडव्याच्या सुमारास गावी परतल्यावर पुन्हा पुढच्या वर्षाची उचल घ्यायची. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात. मी दहा वर्षांचा असताना आमची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, करवीर तालुक्यातल्या एका मळ्याच्या बांधाला होती. मळेकऱ्यांचा धाकटा मुलगा एका तालमीच्या संघातून फुटबॉल खेळायचा. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे, पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यांच्या सामन्यांना अख्खी पेठ लोटते. त्याने एका रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून राजर्षी शाहू स्टेडियमवर नेले. इतकी माणसे मी त्याआधी फक्त आमच्याकडच्या यात्रेत पाहिली होती. दुसऱ्या दिवसापासून तो मला उसाच्या फडाच्या कडेला चेंडू शिकवू लागला. पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यावर, चेंडू उसळत नाही, तो पायाशी मरतो, त्यामुळे चेंडू थांबवायला मी फार लवकर शिकलो. पुढे प्रशिक्षकांनी ज्या गुणासाठी माझी निवड केली, तो त्या पाचटाने दिलेला होता. मळेकऱ्यांच्या त्या मुलाचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

व्यावसायिक खेळाडू म्हणून माझे आठ हंगाम गेले. त्यांविषयी लोकांना जेवढी उत्सुकता असते, तेवढे सांगण्यासारखे त्यात नाही. मी बचावफळीत खेळायचो, देशासाठी कधी खेळलो नाही, आणि वरच्या साखळीपेक्षा खालच्या साखळीतच अधिक होतो. करार बहुधा एकाच हंगामाचा असे, आठ-नऊ महिन्यांचा. सही करताना काही रक्कम हातात पडे, पुढची दरमहा, आणि हंगाम संपला की नवीन बोलावणे येईपर्यंत वाट पाहायची. एकदा सुटीत घरी आल्यावर आईला मी हे समजावून सांगत होतो. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुजंबी हंगामाचंच की रं. आमची उचल, तशी तुजी उचल." मला तेव्हा ते लागले. आज मुलांना व्यावसायिक खेळ म्हणजे काय हे सांगताना माझ्याकडे याहून नेमके वाक्य नाही.

गुडघा गेला तेव्हा मला कोणी धक्कासुद्धा दिला नव्हता. कोपऱ्यावरून आलेल्या उंच चेंडूसाठी मी उडी मारली, डोक्याने तो बाहेर काढला, डाव्या पायावर उतरलो आणि उतरताना गुडघा आतल्या बाजूला वळला. वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. गुडघ्यातले पुढचे लिगामेंट तुटले होते. शस्त्रक्रियेत मांडीच्या मागचा स्नायूबंध काढून त्या जागी बसवला गेला, अकरा महिन्यांनी मी पुन्हा मैदानावर उतरलो, पण वेगाने वळायची वेळ आली की पाय क्षणभर विचार करायचा. बचावपटूचा पाय विचार करू लागला की समोरचा खेळाडू निघून गेलेला असतो. त्या हंगामाच्या अखेरीस क्लबचा फोन आला नाही. फोन येणार नाही, हे सांगणारा फोनदेखील आला नाही, आणि याची खंत मला दुखापतीपेक्षा जास्त काळ राहिली. तेव्हा माझे वय अठ्ठावीस होते, बारावीनंतरचे शिक्षण नव्हते आणि दुसरे कोणतेही काम येत नव्हते. पुढची दीड-दोन वर्षे मी गावात घराबाहेर फारसा पडत नसे, कारण भेटेल तो माणूस "आता कोणत्या टीमकडून?" असे विचारायचा.

धारूरच्या त्या दुपारनंतर माझ्या बोलण्यात ही दोन वर्षे आली. आता मी त्यांपासूनच सुरुवात करतो.

दुसरा बदल माझ्या दृष्टीने याहून मोठा आहे. मी व्याख्यानांची आमंत्रणे बरीच कमी केली आणि धारूर व वडवणी तालुक्यांतल्या तीन शाळांत दर आठवड्याला जाऊ लागलो. एका तासाच्या भाषणाने मूल पेटून उठते आणि आठवड्याभरात विझते, हे मी पुष्कळ पाहिले आहे. यात मुलांचा दोष नाही. ज्या माणसाला आपले नाव माहीत नाही, त्याच्या "तू करू शकशील" या शब्दाला वजन येणार कसे?

या संदर्भात मला सय्यद अब्दुल रहीम यांची नेहमी आठवण येते. ते हैदराबादचे शाळामास्तर होते. १९५० साली ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले तेव्हा आपला मराठवाडाही हैदराबाद राज्यातच होता, म्हणजे एका अर्थाने ते आपल्याच राज्याचे गुरुजी. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, तेही त्यांच्याच हाताखाली, आणि मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले ते त्याच स्पर्धेत. ते १९५६ साल होते, ज्या वर्षाच्या नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात आला. पुढे १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, स्वतः कर्करोगाने ग्रासलेले असताना, रहीम यांनी अंतिम सामन्यासाठी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला आघाडीला खेळवले. जर्नेलने गोल केला, दुसरा पी. के. बॅनर्जी यांचा होता, आणि दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक घेतले. त्या सामन्याआधी गुरुजी खेळाडूंशी काय बोलले, याच्या कथा लोक आवडीने सांगतात. मला वाटते, त्या संध्याकाळी ते काहीही बोलले असते तरी चालले असते. कोणत्या मुलाच्या अंगात काय आहे हे त्यांना वर्षानुवर्षांच्या सहवासातून माहीत होते, आणि त्यांना ते माहीत आहे, हे मुलांनाही माहीत होते.

माझ्या दर आठवड्याच्या कामात भाषण जवळजवळ नसते. पहिली वीस मिनिटे अंग मोकळे करण्याची असतात. फिफाच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी तयार केलेला '११ प्लस' नावाचा व्यायामक्रम आहे. त्यात धावणे, पोटाची व मांडीची ताकद, एका पायावरचा तोल आणि उडी मारून उतरण्याचे प्रकार असतात, आणि त्याला चेंडूखेरीज कोणतेही साहित्य लागत नाही. नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलींच्या संघांवर झालेला मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात हा क्रम करणाऱ्या मुलींच्या गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी आढळल्या. मुलींच्या गुडघ्याला हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवते, आणि गुडघ्याला दोन्ही वाईट. माझ्या वेळी मला कोणी उतरायला शिकवले नाही. उडी मारायला सगळ्यांनी शिकवले.

वडवणीकडच्या शाळेत आठवीतली एक मुलगी आहे, गोलरक्षक. उतरताना तिचे गुडघे एकमेकांकडे वळायचे. मी जमिनीवर फक्कीच्या दोन समांतर रेषा मारल्या आणि तिला सांगितले की पाऊल आणि गुडघा, दोन्ही आपापल्या रेषेवर राहिले पाहिजेत. ती उडी मारायची, उतरायची आणि डोळे खाली घालून आधी गुडघ्याकडे पाहायची. पाच आठवडे हे चालले. सहाव्या आठवड्यात ती उतरली आणि तिने खाली पाहिलेच नाही, सरळ माझ्याकडे पाहिले. गुडघे रेषेवर होते. आठ हंगामांत मिळालेली कोणतीही शाबासकी मला त्या नजरेइतकी आठवत नाही.

सरावानंतर आम्ही झाडाखाली बसतो आणि तिथे मी त्यांच्याशी आकड्यांत बोलतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला, काही सामने नवी मुंबईत झाले. भारताच्या संघात एकवीस मुले होती आणि त्यांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. सगळ्या देशातून एकवीस, हे मी मुलांना लपवत नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, धावला आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचे सुवर्णपदक घेऊन आला, हेही सांगतो, कारण ते आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. पण त्याच बैठकीत शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवायला सांगतो, दहावी-बारावीचे क्रीडागुण कसे मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण कसे आहे, ते समजावतो. मी स्वतः पदवी छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केली. चेंडू सोडायचा नाही आणि वहीही सोडायची नाही, असा माझा त्यांच्यापाशी आग्रह आहे, आणि या आग्रहात मी अजिबात नरम नाही. ज्याचा गृहपाठ झालेला नाही, तो त्या दिवशी कडेला बसतो, मग तो संघाचा सर्वांत चांगला खेळाडू का असेना.

अडचण दिवाळीनंतर येते. टोळ्या निघतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी चढतात आणि संघातली मुले त्या भांड्यांच्या मध्ये बसून निघून जातात. ज्यांचे आईवडील तयार होतात, ती मुले हंगामी वसतिगृहात राहतात. बाकीच्यांना आईबाप हौस म्हणून नेत नाहीत. मागे धाकट्या भावंडाला सांभाळायला, पाणी आणायला, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधायला कोणीतरी लागते, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. मी स्वतः ते केले आहे. म्हणून मी घरी गेल्यावर फुटबॉलचे नाव काढत नाही. आधी माझ्या आईवडिलांची टोळी कोणत्या कारखान्यावर असायची ते सांगतो, त्यांची कुठे जाणार ते विचारतो, आणि मग मुलाचा विषय निघतो.

ज्याने मला तो प्रश्न विचारला होता, तो मुलगा आता दहावीत आहे आणि मधल्या फळीत खेळतो. दोन हंगाम तो वसतिगृहात राहिला. यंदा त्याच्या वडिलांच्या पाठीला दुखणे लागले आहे आणि आईबरोबर कोयत्याला जोडी म्हणून त्याला न्यायचे घरात ठरते आहे. उचल घेऊन झाली आहे. गेल्या गुरुवारी तो सरावाला आला, सगळे व्यायाम नीट केले आणि जाताना त्याने संघाचा चेंडू माझ्या हातात परत दिला. मी तो घेतला नाही. रविवारी सकाळी त्याच्या तांड्यावर जातो आहे. त्याच्या मामांशी फोनवर बोलणे झाले आहे, तेही येणार आहेत.