जुन्या शेव्ही ट्रकच्या रेडिएटरची रबरं: अमेरिकेत काय मागायचं, कुठे शोधायचं

पुण्यात नाना पेठेत जुना नमुना काउंटरवर ठेवला की दुकानदार त्याला जुळणारा पार्ट काढून देतो. अमेरिकेत काउंटरवरचा माणूस आधी वर्ष, कंपनी, मॉडेल आणि इंजिन विचारतो. रेडिएटरच्या रबरांसाठी एवढी माहिती पुरत नाही.

१९७३ ते १९८७ चा शेव्हरोले सी/के पिकअप, इथल्या बोलीत ‘स्क्वेअरबॉडी’, अजून रस्त्यावर भरपूर दिसतो. त्याचा रेडिएटर बोल्टने घट्ट आवळलेला नसतो. खाली तो दोन रबरी गाद्यांच्या खाचेत बसतो आणि वरूनही त्याला रबरच धरून ठेवतं. गाडीची चासी पिळते, तो पीळ रेडिएटरच्या सांध्यांपर्यंत पोहोचू नये म्हणून ही व्यवस्था. खाच कोअरच्या, म्हणजे रेडिएटरच्या मधल्या जाळीदार भागाच्या, जाडीप्रमाणे असते, त्यामुळे नळ्यांच्या दोन ओळींच्या रेडिएटरची गादी चार ओळींच्या रेडिएटरला चालत नाही. मागच्या मालकाने अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर टाकला असेल तर मूळ गादीत तो खडखडतो. म्हणून ऑर्डर देण्याआधी रेडिएटरच्या टाकीची रुंदी आणि कोअरची जाडी मोजूनच घ्या. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत कागदी लेबल शिल्लक असेल तर त्यावर ‘व्ही०१’ आहे का बघा. तो हेवी ड्यूटी रेडिएटरचा कोड.

पण त्याहीआधी एक तपासणी हवी, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. पंखा इंजिनवर असतो, रेडिएटर आणि श्राउड (पंख्याभोवतीचं कडं) कोअर सपोर्टवर, म्हणजे रेडिएटर धरणाऱ्या पुढच्या चौकटीवर. कोअर सपोर्ट दोन्ही बाजूंना एकेका लांब बोल्टने, रबरी बुशिंगवरून चासीला जोडलेला असतो. ही बुशिंग चेपली की अख्खा सपोर्ट खाली बसतो, रेडिएटर आणि श्राउड त्याच्याबरोबर, पंखा मात्र जागेवरच. इंजिन बंद करून पंख्याची पाती आणि श्राउड यांतली फट वर आणि खाली बोटाने चाचपा. वरची फट कमी आणि खालची जास्त असेल तर नव्या गाद्या घालून काही होणार नाही, आधी बुशिंग बदला. फट उलटी असेल तर इंजिन माउंट, म्हणजे इंजिनखालची रबरं, बसले आहेत का ते पाहा.

बुशिंग बदलताना बॅटरी काढा, श्राउडचे बोल्ट सैल करा, सपोर्टखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावा आणि एका वेळी एकच बाजू सोडा. सपोर्टबरोबर फेंडरही उचलले जातात, म्हणून अगदी हळू. जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे बोल्टला आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. वॉशर बसतो तिथला पत्रा कुजला असेल तर नवं बुशिंग त्यातून आरपार जातं. तिथे आधी पत्र्याचं वेल्डिंग. बुशिंग पॉलियुरेथेनचं चालेल, रेडिएटरखालची गादी मात्र मऊ रबराचीच हवी. टायरचा तुकडा कापून घालण्याची आपल्याकडची युक्ती इथे नकोच: खाच नसल्यामुळे रेडिएटर सरकतो आणि ताण होजच्या नळ्यांवर येतो.

गाद्या आणि बुशिंग रॉकऑटो किंवा एलएमसी ट्रक या पार्ट विकणाऱ्या कंपन्यांकडे नवी मिळतात. पट्ट्या, क्लिप-नट, वेगळ्या आकाराचे बोल्ट यांसाठी भंगारवाड्यात जावं. इथे थोडं प्रवेशशुल्क भरून स्वतःच्या पान्यांनी पार्ट काढून आणायचा असतो. इंची आणि मेट्रिक दोन्ही सॉकेट न्या, कारण त्या वर्षांत शेव्हरोलेची मालक कंपनी जीएम इंचीवरून मेट्रिकवर जात होती. फक्त पिकअपच शोधत बसू नका. शेव्हरोलेच्याच ब्लेझर आणि सबर्बन याच बांध्यावर १९९१ पर्यंत निघत होत्या, जीएमसी या जीएमच्याच दुसऱ्या ब्रँडची जुळी मॉडेलंही आहेत. अख्खा कोअर सपोर्ट हवा असेल तर मात्र १९८१ ची सीमा पाळा, त्या वर्षी पुढचा पत्रा बदलला. भंगारातलं रबर घेऊ नका, ते तुमच्या रबराइतकंच म्हातारं असतं.

रेडिएटर काढताना निघालेला कूलंट गटारात ओतू नये. तो चवीला गोड असतो, कुत्री चाटतात आणि मरतात. झाकणाच्या डब्यात भरून काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्या.