कानबाईचा व्हिडिओ पिठासारखा का दिसतो

श्रावणात आमच्याकडे खानदेशात कानबाई, आमची देवी, बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि सोमवारी सकाळी पांझरा नदीवर विसर्जन. बाया डोक्यावर कानबाई घेऊन निघतात, मागे वाजंत्री, रस्त्यात फुगड्या, रोटासाठी, म्हणजे कानबाईच्या प्रसादासाठी, सगळी भाऊबंदकी पुण्या-सुरतेहून गावात आलेली. मी चार मिनिटांचा व्हिडिओ काढला, फोरके मध्ये (३८४० बाय २१६० ठिपके), मोबाईलवर एकदम कडक दिसत होता. व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तासाभरात आक्काचा फोन, "भाऊ, हाई काय शे? मनं तोंडच दिखत नई!"

उघडून बघितलं तर खरंच, साड्यांचे काठ गायब, तोंडं म्हणजे मळलेली कणीक. वर भाच्याने ग्रुपवरचाच डाउनलोड करून त्याचं रील केलं, गाणं लावलं, ते परत कोणीतरी स्टेटसला ठेवलं, आणि तिथून तिसऱ्याच ग्रुपवर आलेलं तर मलाच ओळखू येईना की हे आपलं गाव आहे.

चूक माझी होती. व्हिडिओ म्हणून टाकला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. गणित साधं आहे, एका सेकंदाला किती मेगाबिट द्यायचे गुणिले सेकंद, भागिले ८, की एमबी मिळाले. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद. माझ्या फोनची मूळ फाईल साधारण ६८० एमबी. आता ती कोणी १६ एमबीत बसवायची म्हटली, पूर्वी व्हॉट्सॲपवर व्हिडिओची हद्द तेवढीच होती, तर सेकंदाला जेमतेम अर्धा मेगाबिट वाट्याला येतो. यूट्यूब साध्या १०८०पी (फुल एचडी) अपलोडला सेकंदाला ८ मेगाबिट ठेवा म्हणतं. मग चेहऱ्याला काय उरणार!

आणि मिरवणूक हा तर कॉम्प्रेशनचा, म्हणजे या दाबण्याचा, वैरीच. त्याची युक्ती अशी की मागच्या फ्रेममध्ये जे होतं ते पुन्हा साठवायचं नाही, फक्त बदल साठवायचा. भिंतीसमोर बसून बोलणारा माणूस असला की काम फुकटात होतं. पण इथे फुगडी फिरतेय, नदीचं पाणी हलतंय, मागे केळीची पानं, आणि माझा हात पण हलतोय (गर्दीत कोणी ढकललं ते वेगळं), म्हणजे प्रत्येक फ्रेम नवीनच. केळीच्या बागेतला वाऱ्याचा व्हिडिओ टाकून बघा, तीच गत.

त्यात एकदा दाबलेलं परत दाबलं की आधीचे डाग पण खरं चित्र समजून साठवले जातात. म्हणून आता मी मूळ फाईल लॅपटॉपवर घेतो आणि जे काय करायचं ते तिथूनच, एकदाच. हँडब्रेक हे व्हिडिओ दाबायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात १०८०पी, एच २६४ (दाबायची जुनी, सगळीकडे चालणारी पद्धत), क्वालिटीचा आकडा २२, आकडा जितका कमी तितकी फाईल मोठी हे सुरुवातीला मला उलटंच वाटायचं. फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेमा) कॉन्स्टंट ठेवतो कारण मोबाईल अंधारात फ्रेमा कमीजास्त करतो आणि मग एडिट करताना ढोल आधी वाजतो, काठी नंतर पडते. आवाजाला १२८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) बास, चार मिनिटांचे चारेक एमबी होतात. डीजेसमोर उभं राहून फाटलेला आवाज मात्र कुठल्याच सेटिंगने शिवला जात नाही.

एच २६५ या नव्या पद्धतीने फाईल आणखी बारीक होते, केलंही होतं. नानीच्या जुन्या टीव्हीला पेनड्राईव्ह लावला, वाजंत्री ऐकू येते आणि पडदा काळा. तेव्हापासून घरच्यांसाठी एच २६४ च.

रीलसाठी उभं लागतं, १०८० बाय १९२०. फोरकेचा फायदा इथे कळला, आडव्या शूटमधून उभा तुकडा कापला तरी १२१५ बाय २१६० मिळतो, म्हणजे ताणावं लागत नाही. भाच्याला हे दाखवलं तर म्हणतो मामा आधी का नाही सांगितलं, अरे तू विचारलंस कधी!

घरच्यांना आता व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, तशी २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी जाते. फक्त गावाकडे रेंज असते तेव्हा, म्हणजे रात्री अकरानंतर. आक्काने ती फाईल दुसऱ्या दिवशी उघडली, तोंड दिसलं. मग म्हणे, हे नको, साडी चुरगळलेली दिसतेय.