गॉगल किती काळा पाहिजे?

माझ्या डाव्या गुडघ्यावर एक फिकट डाग आहे. मी ऑनलाइन काही मागवायला बसले की आमची पोरगी काही न बोलता त्या गुडघ्याकडे बोट दाखवते. तो डाग मी घेतलेल्या पहिल्या सायकलिंग गॉगलचा आहे.

मी नाशिकच्या इंदिरानगरात राहते, नोकरी सातपूर एमआयडीसीत. फोर्जिंगचे, म्हणजे तापवून ठोकून घडवलेले लोखंडी पार्ट तपासणाऱ्या क्वालिटी विभागात एकोणीस वर्षं झाली. सायकल हातात घेतली ती चाळिशी उलटल्यावर. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पुरी केली आणि नाशकात ज्याला त्याला सायकल आठवली, त्या लाटेत उशिरा वाहून आलेल्यांपैकी मी एक. माझी अमेरिका म्हणजे एरवी गंगापूर धरण आणि रविवारी त्र्यंबक.

आता नाशिकच्या सायकलवाल्यांची एक गंमत बघा. आमचे लाडके रस्ते बहुतेक सगळे पश्चिमेचे: धरण, गिरणारे, अंजनेरी, त्र्यंबक. सकाळी सहाला निघालं की जाताना सूर्य पाठीमागे, त्यामुळे गॉगल आठवतही नाही. परत फिरताना मात्र साडेआठचं ऊन थेट तोंडावर. थंडीच्या दिवसांत सूर्य खालीच रेंगाळतो, तेव्हा तो हेल्मेटच्या कडेखालून आत घुसतो आणि समोरचा रस्ता नुसता पांढरा होऊन जातो. ओझर-निफाडकडे जाणाऱ्यांचं नेमकं उलटं. ते निघतानाच डोळे बारीक करून निघतात.

तर पहिला गॉगल. दुकानात गेले, सायकलसाठी हवाय म्हटलं. दुकानदाराचा पहिला प्रश्न, “मॅडम, किती काळा पाहिजे?” मी म्हटलं, चांगला काळा द्या. त्याने काळाभोर पोलराइज्ड गॉगल काढला. लावून दुकानाबाहेर आले तर भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं गार वाटलं. घेतला. तेव्हा मी कॉन्टॅक्ट लेन्स लावायचे, त्यामुळे नंबरची भानगड नव्हती.

पुढच्याच आठवड्यात धरणावरून परत येत होते. सोमेश्वर मागे पडलं, तोवर ऊन समोर आणि गॉगलमधून सगळं झकास. मग मोठ्या झाडांची सावली लागली. उन्हातून सावलीत शिरताना डोळ्यांना सावरायला आधीच क्षणभर लागतो, त्यात वरून काळी काच. रस्त्यावर कवडसे पडलेले, काळे-पांढरे ठिपकेच ठिपके. त्यातला एक काळा ठिपका सावली नव्हती, खड्डा होता. पुढचं चाक आत, मी हँडलवरून डावीकडे. मागून येणाऱ्या दूधवाल्या काकांनी मोटारसायकल लावली, सायकल उचलली आणि म्हणाले, “ताई, एवढा मोठा खड्डा दिसला नाही का?” नव्हता दिसला. काका बिनगॉगलचे होते, त्यांना लांबून दिसला होता.

गुडघ्याला ड्रेसिंग झाल्यावर मी तो गॉगल पहिल्यांदा नीट पाहिला. काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ‘कॅटेगरी ३’ लिहिलेलं. गॉगलच्या काचांची शून्य ते चार अशी प्रतवारी असते, काच किती उजेड आत सोडते त्यावरून. शून्य म्हणजे जवळपास पारदर्शक, ८० टक्क्यांच्या वर उजेड आत. एक म्हणजे ४३ ते ८०, दोन म्हणजे १८ ते ४३, तीन म्हणजे फक्त ८ ते १८ टक्के. चार तर तीन ते आठ टक्के, आणि ती लावून गाडी चालवायची नाही असा नियमच आहे. तीन नंबर वाईट नाही. समुद्रावर, उघड्या माळावर, मे महिन्यात घोटीच्या हायवेवर ठीक. पण झाडांखालून जाणाऱ्या रस्त्यावर मी शंभरातला ८५-९० उजेड स्वखुशीने बाहेर ठेवून खड्डे शोधत होते.

तरी मनात एक होतंच, की काळ्या काचेने निदान डोळ्यांचं रक्षण तरी होत असेल. हे तपासायची सोय माझ्या कामाच्या जागी होती. पार्टला गेलेली केसाएवढी चीर शोधायला आम्ही तो चुंबकीत करतो, वरून चमकणाऱ्या लोहकणांचं द्रावण सोडतो आणि अंधाऱ्या केबिनमध्ये अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरतो. चीर असली की तिथे कण गोळा होतात आणि हिरवट-पिवळी रेघ पेटल्यासारखी उठते. ते बघायला मला अजूनही आवडतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत साहेबांना विचारून चार गॉगल केबिनमध्ये नेले. माझा काळा पोलराइज्ड, शालिमारच्या फुटपाथवरचा दीडशे रुपयांचा, सासऱ्यांच्या कपाटातला जुना जाड काचेचा गडद हिरवा, आणि आमच्याच कारखान्यातला पारदर्शक सेफ्टी गॉगल. चीर असलेला नमुन्याचा तुकडा खाली ठेवला आणि दिवा नि तुकडा यांच्या मध्ये एकेक काच धरत गेले. पोलराइज्ड धरला, रेघ विझली. फुटपाथवरचा धरला, रेघ विझली! सेफ्टी गॉगल, ज्यातून पेपर वाचता येतो, तो धरला, तरीही रेघ गुल. सासऱ्यांचा धरला तर रेघ मंदावली, पण दिसत राहिली. चौघांत सगळ्यात भारदस्त दिसणारा गॉगल तोच होता.

कारण साधं आहे. काळेपणा रंगाचा असतो आणि अल्ट्राव्हायोलेट अडवणं हा मालाचा गुण असतो. सेफ्टी गॉगलचं पॉलिकार्बोनेट रंग नसला तरी ते किरण गिळतं, साधी काच बरेचसे आत सोडते. आणि नुसती काळी, न अडवणारी काच जास्तच वाईट, कारण अंधार वाटला की बुबुळातली बाहुली मोठी होते आणि आत शिरणाऱ्याला दार सताड उघडं मिळतं. आमचा दिवा ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा आहे, त्यामुळे ४०० पर्यंतचं सगळं अल्ट्राव्हायोलेट अडतं हे काही या प्रयोगातून सिद्ध होत नाही. ‘यूव्ही ४००’ असा शिक्का असतो तो त्यासाठी. पण शिक्का पाहून मग रंग बघायचा, हा क्रम माझ्या डोक्यात त्या केबिनमध्ये पक्का झाला. सासऱ्यांना काही सांगितलं नाही. ते तसाही तो लग्नकार्यालाच लावतात.

पोलराइज्डबद्दल आमच्या ग्रुपमध्ये दोन तट आहेत. आमचे आप्पा त्याशिवाय निघत नाहीत. धरणाच्या पाण्यावरची, गाड्यांच्या बॉनेटवरची चकाकी ही काच खाऊन टाकते, डोळे दुखत नाहीत, हे खरंच आहे. माझं गाऱ्हाणं असं की रस्त्यावर ओल कुठे आहे, डिझेल कुठे सांडलंय, हे मला चकाकीवरूनच कळतं. पावसाळ्यात वळणावर ती चकाकी पुसली गेली तर मी काय ओळखणार? दुसरं, हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरची स्क्रीन त्यातून काळी दिसायची. मान कलती केली की आकडे उमटायचे, सरळ केली की गायब. दुकानात घेताना मोबाइलची स्क्रीन त्यातून बघत गॉगल हळूहळू आडवा-उभा फिरवून पाहा, लगेच समजेल. आप्पा म्हणतात, किलोमीटर मोजायचेत कुणाला. ठीक आहे, त्यांचं बरोबर.

मग कॉन्टॅक्ट लेन्स सुटल्या. उतारावर वाऱ्याने डोळे कोरडे पडून लेन्स टोचायची, आणि एकदा गिरणाऱ्याच्या रस्त्यावर द्राक्षबागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू होता, त्याच्या फवाऱ्याचा झोत वाऱ्याबरोबर तोंडावर आला. ऑक्टोबरची छाटणी झाली की त्या भागात फवारण्या सुरूच असतात. औषधाचे तुषार, वर डोळ्यात लेन्स. बाटलीतलं सगळं पाणी रस्त्याकडेला बसून डोळ्यांवर ओतलं. त्या दिवशी ठरवलं, नंबरचाच गॉगल करायचा.

माझा नंबर उणे सव्वातीन, त्यात सिलिंडर, म्हणजे तिरकस नंबरही. आधी आत अडकवायची नंबरची क्लिप करून पाहिली. आडगावच्या चढावर आतल्या काचेवर वाफ, बाहेरच्या काचेवर घाम आणि पापण्या क्लिपला घासतायत. पंधरा दिवसांत ती खणात गेली. मग एका दुकानात, नाव कशाला घ्या, कानापर्यंत वळलेल्या फ्रेममध्ये थेट नंबर बसवून घेतला. पैसे बरेच घेतले. लावून पहिलं वळण घेतलं तर कडेची जमीन पोहायला लागली. दुकानदार म्हणे, सवय होईल. आठ दिवस झाली नाही, दहाव्या दिवशी जिना उतरताना पाय चुकला. दुसऱ्या, म्हाताऱ्या चष्मेवाल्याकडे नेला. त्यांनी फ्रेम टेबलावर पालथी ठेवली, तिच्या बाकाकडे बोट केलं आणि म्हणाले, “एवढ्या वळणात नंबर टाकायचा तर हिशेब वेगळा करावा लागतो, नाहीतर काच तिरकी बसून नंबर बदलतो. तुम्ही कमी वळणाची घ्या, कडेने थोडा वारा येईल, येऊ द्या.” थोडा येतो वारा. चिलटं मात्र येत नाहीत, तेवढं पुरे.

काच फोटोक्रोमिक घेतली, तपकिरी छटेची. उन्हात गडद, सावलीत फिकी होणारी. फोटोक्रोमिकची मला तशी जुनी अढी होती, कारण आमच्या केबिनमध्ये त्या चष्म्याला बंदी आहे. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तो काळा पडतो आणि तपासणाऱ्याला चीरच दिसत नाही. पण सायकलवर तोच गुण कामाचा. काळी पडायला अर्धा मिनिट, उजळायला मात्र काही मिनिटं लागतात. म्हणजे सोमेश्वरच्या पुढे सावलीत शिरले की ती लगेच फिकी होते असं मुळीच नाही. फरक एवढाच की भर उन्हातही ती माझ्या पहिल्या गॉगलइतकी काळी होत नाही. आणि तपकिरी छटेत मुरूम, डांबर, खड्ड्याची कड वेगवेगळी दिसते, ती राखाडी काचेत मला कधी दिसली नव्हती. एक उलटी गोष्ट म्हणजे डिसेंबरच्या गारठ्यात ती जेवढी गडद होते तेवढी मेच्या टळटळीत उन्हात होत नाही. ही काच उष्णतेला कंटाळते. मेमध्ये आम्ही साडेआठला घरी असतो, त्यामुळे चालून जातं.

बाकी बारीकसारीक. नाकावरचं रबर घामाने घसरतंय का ते दुकानाच्या एसीत कळत नाही, नाक जरा ओलं करून मान खाली घालून झटकून बघा. दुकानदार हसेल. वरची कड नसलेली फ्रेम बरी, कारण चढावर मान खाली आणि नजर वर असते, तेव्हा कड नेमकी रस्त्यावर येते. काड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या वरून घालायच्या, पडलात तर गॉगल सुटून बाजूला जातो, पट्ट्यात अडकून तोंडात नाही.

जुलैत त्र्यंबकला जाताना अंजनेरीच्या पुढे धुकं आणि भुरभुर असते, तेव्हा यातलं काहीच कामाचं नाही. तेव्हा मी सरळ साधा चष्मा लावते, वर टोपीची पुढची कड, आणि दर दोन किलोमीटरला बोटाने वायपर.

परवा घाईत ओढणीने काच कोरडीच पुसली. धूळ होती, डाव्या काचेवर बारीक कोयरीसारखा ओरखडा उमटला. पाण्याखाली धरून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब लावायचा असतो, हे मीच सगळ्यांना सांगत फिरते. शनिवारी म्हाताऱ्या चष्मेवाल्यांकडे जायचंय. ते काय म्हणणार ते ठाऊक आहे, म्हणून पोरीला बरोबर नेणार नाही.