वुडी म्हणे!

परवा मॉलमधे वेळ काढायचा होता म्हणून परफ्युमच्या दुकानात शिरले. तिथली मुलगी कागदाच्या पट्ट्यांवर फवारे मारून देत होती आणि दोन वासांच्या मधे हुंगायला कॉफीच्या बिया. चौथ्या की पाचव्या पट्टीला मी थांबले, पुन्हा हुंगली, आणि तिला म्हटलं हे कुठलं. तर ती म्हणते, "मॅम, हे वुडी आहे, लाकडाच्या वासाचं, मेन्स सेक्शनचं. तुमच्यासाठी फ्लोरल दाखवू?" बॉक्सवर लिहिलं होतं की हा सुगंध शांत, परिपक्व, निसर्गाशी नातं असलेल्या आत्मविश्वासू व्यक्तिमत्त्वासाठी आहे. आता मी रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडून वर आले होते, त्यामुळे यातलं एकही विशेषण मला लागू नव्हतं. तरी घेतलं. पन्नास मिलीला साडेचार हजार. घरी आले तर आई दारातच म्हणाली, "माठात वाळा टाकलास का?"

आणि बरोबरच होतं की तिचं! वेटिव्हर वेटिव्हर म्हणून जे फ्रेंच थाटात बाटलीवर लिहितात तो आपला वाळा. शब्दसुद्धा मूळचा तमिळ, वेर म्हणजे मूळ, फ्रेंच लोक नुसते मधले.

गंमत म्हणजे वाळा हे लाकूड नाहीच. गवत आहे. गवती चहाचा आणि ज्वारीचा भाऊबंद. चंदन वुडी, देवदार वुडी, ते ठीक, ती झाडं आहेत. पण या वुडी खानदानात एक गवत जाऊन बसलंय आणि कोणी हटकत नाही, कारण याच्या मुळांना लाकडासारखा, ओल्या मातीसारखा, किंचित धुरकट वास येतो. परफ्युमवाल्यांचं याच्यावर प्रेम असण्याचं कारणही तेच. लिंबू-संत्र्याचे वास हलके, फवारा मारला की दहा-पंधरा मिनिटांत उडून जाणार. वाळ्याचं तेल जड, सावकाश उडतं आणि बरोबरच्या हलक्या वासांनाही जरा धरून ठेवतं. 2006 साली एर्मेस या फ्रेंच कंपनीचं 'तेर द'एर्मेस' हे परफ्युम आलं, तेर म्हणजे फ्रेंचमधे माती, झाँ-क्लोद एलेना या परफ्युम बनवणाऱ्यांनी केलेलं, त्यात वर संत्रं आणि खाली वाळा-देवदार अशीच जोडी आहे. मला तो वास फार आवडतो, पण तो पुरुषांचा म्हणून विकतात हे काही पटत नाही. आपल्याकडे दिवाळीच्या उटण्यात वाळा असतो, नागरमोथा असतो, तो काय फक्त बाप्यांनी लावायचा? (तो नागरमोथा पण पोचलेला आहे. त्याचं तेल हल्ली ऊदच्या, म्हणजे अगरूच्या लाकडाच्या, महागड्या परफ्युमांत घालतात, आणि आपण पहाटे अर्धवट झोपेत तो खसाखसा चोळून गटारात सोडतो.)

उत्तर प्रदेशात, अत्तरांच्या कन्नौजला अजूनही तांब्याच्या डेगेत वाळ्याची मुळं उकळून रूह खस (खस म्हणजे वाळाच) काढतात, आणि तांब्यामुळे ते तेल हिरवट उतरतं. खसच्या सरबताचा हिरवागार रंग मात्र निव्वळ रंग बरं का. मूळ बघाल तर चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी.

आता ते शांत परिपक्व व्यक्तिमत्त्व. मी वाळा लावणारा माणूस जवळून पाहिलाय, लावणारा म्हणजे अंगाला नाही, बांधाला. आमचे तात्या, माझे चुलते, वाईकडे त्यांची उताराची जमीन आहे. शेजारचा गडी दर नांगरटीला बांध कोरायचा, वितभर या वर्षी, वितभर पुढच्या वर्षी. तात्या कोर्टात गेले नाहीत, आवाज चढवला नाही, एका पावसाळ्यात जाऊन त्यांनी सगळ्या बांधावर वाळ्याचे ठोंब लावले. ओळीने, हातभर अंतरावर. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन-तीन मीटर. शेजाऱ्याच्या हद्दीत एक धागा जायचा नाही आणि स्वतःची जागा एक बोट सोडायची नाही. दोन वर्षांत अशी भिंत झाली की नांगराचा फाळ अडकायला लागला. उतारावरची माती पण थांबली. 1980च्या दशकात वर्ल्ड बँकेचे लोक माती अडवायला हेच गवत लावा म्हणून आपल्या देशात सांगत फिरत होते, तात्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं, त्यांना फक्त शेजाऱ्याला अडवायचं होतं. त्या गड्याशी बोलणं अकरा वर्षं बंद आहे, शिवी मात्र एकदाही दिलेली नाही.

तर बॉक्सवर 'शांत' ऐवजी 'चिवट' लिहायला हवं होतं असं माझं मत आहे. वुडी माणूस म्हणजे ध्यानाला बसलेला साधू नव्हे. तो खोलीत येतो तेव्हा कळत नाही, कारण मोगऱ्यासारखा तो अंगावर धावून येत नाही. पण तो गेल्यावर दोन तासांनी तुम्ही खुर्चीवरची ओढणी उचलता आणि तिथे तो असतोच. माझी एक ओढणी दोनदा धुऊन झाली, अजून आहे! भांडणात पण ही माणसं तशीच असतात, शेवटचा शब्द त्यांचा नसतो, शेवटची जागा त्यांची असते. मी तशी नाही. मी रिक्षावाल्याशी भांडते आणि उतरताना दहा रुपये सोडून येते, म्हणजे पक्की लिंबू-संत्रं. त्या मुलीचं फ्लोरल तेवढं चुकलं.

गेल्या रविवारी गावी गेले तेव्हा ती कागदाची पट्टी पर्समधेच होती. तात्यांना दिली. त्यांनी चष्मा वर सारला, (वास घ्यायला चष्मा कशाला सारतात कोण जाणे), डोळे मिटून हुंगली.

"वाळाच हाय की ह्यो."

"हो ना तात्या!"

"पण धुतलेला." पुन्हा हुंगली. "माती न्हाई ह्येच्यात. किती पडले गं?"

मी आकडा सांगितला. काकू आतून "अगं बया" म्हणाल्या. तात्या काहीच बोलले नाहीत. उठले, खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यातून सातबाऱ्याची फाईल काढली, आणि मोजणीच्या नकाशाची घडी उघडून बांधाच्या रेघेवर ती पट्टी नीट बसवून ठेवली.