टाकीत पाणी किती, ते मोबाईलवर: रास्पबेरी पायचा माझा अनुभव

आमच्याकडे पाणी पहाटे येतं, खालच्या हौदातून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. टाकी भरली की नाही हे बघायला आई रोज तीन जिने चढायची, तिचे गुडघे दुखतात, म्हणून हे काम मनावर घेतलं.

रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू घेतला, हा एक छोटासा कॉम्प्युटरच. ६५ बाय ३० मिलिमीटरचा बोर्ड, ५१२ एमबी रॅम, वायफाय त्यातच. (नुसतं पाणी मोजायचं असेल तर ईएसपी३२ नावाची साधी वायफाय चिप पण पुरते, मला लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम शिकायची होती.) माझ्या बोर्डला पिना नव्हत्या, ४० पिना स्वतः सोल्डर केल्या, आधी दोन टोकांच्या, हेडर (पिनांची पट्टी) सरळ बसलंय ना ते बघून मग मधल्या.

मॉनिटर न जोडता चालवायचा म्हणून इमेजरमध्येच (एसडी कार्डवर सिस्टीम टाकायचं सॉफ्टवेअर) वायफायचं नाव-पासवर्ड भरला आणि एसएसएच, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करायची सोय, चालू केलं. हिरवा लाइट लुकलुकतोय पण राउटरच्या यादीत बोर्ड नाहीच, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, शेवटी कळलं की ह्या बोर्डला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय चालतं आणि मी ५ गिगाहर्ट्झवालं नाव भरलं होतं. नाव बदललं, मिनिटभरात लॉगिन.

सेन्सर जेएसएन-एसआर०४टी, वॉटरप्रूफ, आवाजाच्या लहरी पाण्यावर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर मोजतो. इथे घाई अजिबात करू नका. सेन्सर ५ व्होल्टवर चालवला की त्याच्या एको पिनमधून (जिथून उत्तराचा सिग्नल येतो) पण ५ व्होल्ट येतात आणि पायच्या पिना ३.३ च्या आहेत, थेट जोडलं तर बोर्ड जाऊ शकतो. एको ते जीपीआयओ (पायची सिग्नलची पिन) १ किलोओहमचा रेझिस्टर, तिथून ग्राउंडला २ किलोओहमचा, असा व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर केला. सेन्सर लावायच्या आधी डिव्हायडरला बोर्डचेच ५ व्होल्ट देऊन मधल्या जोडावर मल्टिमीटर धरला, ३.३ च्या आसपास आलं, मगच पुढे गेलो.

टाकीवर बसवल्यावर अर्ध्या टाकीपर्यंत आकडे बरोबर, भरत आली की काहीच्या काही. हा सेन्सर साधारण २० सेंटिमीटरच्या आतलं नीट ओळखत नाही, म्हणून पाणी सेन्सरपासून २५ सेंटिमीटरवर आलं की टाकी भरली असंच धरलं. वरून धार पडताना पाणी हलतं, त्यासाठी सात रीडिंग घेऊन, लहान-मोठी क्रमाने लावून मधलं घेतो.

सगळ्यात जास्त छळलं ते पॉवरने. घरातून गच्चीपर्यंत लांब बारीक वायरीने ५ व्होल्ट नेले होते, बोर्ड सारखा रीस्टार्ट व्हायचा, मी आठवडाभर पायथनच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी लक्षात आलं की बोर्डपर्यंत व्होल्टेजच कमी पोचतंय. जिन्याच्या वरच्या टोकाला सॉकेट होतं, अडॅप्टर तिथे लावला, केबल आखूड आणि जाड घेतली, रीस्टार्ट बंद! लाइट गेल्यावर एसडी कार्ड एकदा खराब झालं, तेव्हापासून रास्पी-कॉन्फिगमधून (पायच्या सेटिंगचा प्रोग्राम) ओव्हरले चालू ठेवलंय, म्हणजे सगळे बदल रॅममध्येच राहतात, कार्डवर काही लिहिलंच जात नाही.

आता आई चहा ठेवता ठेवता मोबाईल बघते, ९० टक्के दिसलं की उठून मोटर बंद करते. मोटर आपोआप बंद होईल असं मी मुद्दाम केलेलं नाही, २३० व्होल्टच्या लाइनला हात लावायच्या आधी आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला सोबत घेणार आहे.